वस्तऱ्याची धार आणि पथरीची सपाटी

रत्नागिरीहून आरे-वारेच्या सागरी मार्गाने सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या गणपतीपुळे येथे येणारे अनेक पर्यटक देवदर्शनानंतर 'प्राचीन कोकण' हे खुले संग्रहालयही पाहून जातात. कोकणातील जुना गावगाडा कसा चालत असे, निरनिराळे बलुतेदार कोणती कामे करीत, याची ओळख तेथे घडते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथातही या बलुतेदारांचे तपशीलवार वर्णन आहे. त्यांपैकी न्हाव्याचा सारा व्यवसाय एका धोकटीत मावत असे. वस्तरा, कातर, फणी, नराणी, चिमटा, पाण्याची वाटी आणि आरसा या त्यातील वस्तू सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु याच धोकटीत एक लहानसा, गुळगुळीत, चौकोनी दगडही असे. त्याला पथरी म्हणतात. गिऱ्हाइकाचे लक्ष या दगडाकडे क्वचितच जाई. मात्र दाढी सुखाची होणार की गालावर ओरखडे उमटणार, हे बऱ्याच अंशी त्या दगडावरच ठरत असे.

दगड पोलादाला धार लावतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच वेळी पोलाद दगडाला झिजवीत असते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. देवघरातील सहाण वर्षानुवर्षे चंदन उगाळून मधोमध खोलगट होते, तसाच धार लावण्याचा दगडही खोलगट होतो. 'सहाण' या शब्दाचे नाते संस्कृतातील 'शाण' म्हणजे धार लावण्याचा दगड या शब्दाशी आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. सहाणेला खळगा पडला तर बिघडत नाही. पथरीला पडला तर वस्तरा बिघडतो. म्हणूनच वस्तरा लावण्याच्या विद्येत दगड सपाट राखण्याची विद्या आधी येते. ही विद्या आता विस्मरणात चालली आहे. दुसरीकडे, घरच्या घरी उघड्या वस्तऱ्याने दाढी करण्याची हौस शहरांतील काही मंडळींमध्ये पुन्हा दिसू लागली आहे. वस्तरा महागाचा आणि दगड मात्र खळगा पडलेला, अशी स्थिती असेल तर तो सर्व खर्च व्यर्थ ठरतो. यासाठी दगडाची निगा कशी राखावी, याची माहिती येथे दिली आहे.

दगड सपाट का हवा?

वस्तऱ्याच्या पात्याची रचना स्वयंपाकघरातील सुरीहून वेगळी असते. त्याची पाठ जाड, धार अत्यंत पातळ आणि मधला भाग बहुधा दोन्ही बाजूंनी खोल कोरलेला असतो. धार लावताना पाते दगडावर पूर्ण आडवे ठेवतात. त्या वेळी पाठ आणि धार या दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात. त्यामुळे कोन हाताने सांभाळावा लागत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून तो आपोआप ठरतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा कोन सुमारे १६ अंशांचा येतो. झिजताना पाठ आणि धार बरोबरच झिजत असल्याने पुढेही कोनात फारसा फरक पडत नाही. पात्याची ही रचना मोठी सोयीची आहे, पण ती एका गोष्टीवर अवलंबून आहे. ती गोष्ट म्हणजे दगडाचा पृष्ठभाग सपाट असणे.

सुरीला धार लावताना दगडात थोडा उंचसखलपणा असला तर हात तो सांभाळून घेतो. वस्तऱ्याच्या बाबतीत हाताला तशी मुभा नाही. दगड रुंदीच्या दिशेने खोलगट झाला असेल, तर सरळ धार दोन्ही काठांवर टेकते आणि मधला भाग अधांतरी राहतो. टोक व मूठ यांकडील भाग झिजत जातात, मधला भाग बोथटच राहतो आणि काही काळाने धारेला बाहेरच्या बाजूस बाक येतो. उलट दगडाचे काठ झिजून मध्यभाग उंच राहिला असेल, तर केवळ मधला भाग घासला जातो आणि धारेत आत वळलेला बाक पडतो. हा दुसरा दोष अधिक वाईट, कारण असे पाते सपाट पट्ट्यावरही नीट लागत नाही आणि गालावरही नीट टेकत नाही.

किती खळगा पडला म्हणजे तो फार समजावा? माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चांगल्या लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी असते. साहजिकच दगडातील केसभर खोलीचा खळगादेखील धारेचा काही भाग दगडापासून अलग ठेवण्यास पुरेसा होतो. पाते थोडेफार लवत असल्याने आणि कसबी कारागीर पाते दगडावरून सरळ न ओढता मुठीपासून टोकाकडे तिरपे ओढत असल्याने हा दोष काहीसा झाकला जातो. नाहीसा मात्र होत नाही. तो भरून काढण्यासाठी जोर दिला तर पोलाद अकारण झिजते आणि वस्तऱ्याचे आयुष्य घटते. बोथट वस्तरा केस कापण्याऐवजी ओढतो, ओढला म्हणून हात दाबला जातो आणि दाबला म्हणून कातडी कापते. गालावरच्या अशा जखमेचे मूळ पुष्कळदा दगडात असते.

येथे पाटा आणि जाते यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पूर्वी 'जात्याला, पाट्याला टाकी' अशी आरोळी देत टकारी दारोदार फिरत. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकीने टोचून ते पुन्हा खरखरीत करीत. पथरीचे काम याच्या नेमके उलट. जात्याला खडबडीतपणा द्यावयाचा, तर पथरीचा उंचसखलपणा काढावयाचा. तत्त्व मात्र एकच आहे. दगडही झिजतो आणि त्यालाही वेळोवेळी दुरुस्ती लागते.

कोकणचा दगड आणि वस्तऱ्याचा दगड

कोकणात दगडाला तोटा नाही. मग वस्तऱ्यासाठी दगड बाहेरून का आणावा लागतो? गणपतीपुळ्याच्या परिसरात ज्याचे चिरे काढून घरे व गडगे बांधतात, तो जांभा दगड लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी बनलेला, सच्छिद्र आणि विषम असतो. फ्रान्सिस बुखानन याने १८०७ साली मलबारमधील अशाच दगडाला वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' हे नाव दिले. विटेप्रमाणे कापता येणे हा त्याचा गुण बांधकामास उपयोगी. परंतु छिद्रे आणि कठीण गाठी असलेला हा दगड नाजूक धारेस घातक. जांभ्याखाली असलेला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा बनला आहे. कोयती किंवा विळा यांना विहिरीच्या काठावरील अशा दगडावर घासून कामापुरती धार येते. वस्तऱ्याला मात्र त्याहून कितीतरी बारीक आणि एकसारखा कण लागतो. ओट्याला वापरला जाणारा कडप्पा आणि जमिनीची शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड असून ते पोलादाहून मऊ असल्याने धार लावण्याच्या कामाचे नाहीत.

घासणारा कण पोलादाहून कठीण असावा लागतो. कठीणपणाच्या मोज मापनात कडक केलेले पोलाद साडेसहाच्या आसपास, गारगोटी ७, कुरुंद ९ आणि हिरा १० असा क्रम लागतो. कुरुंद ही भारताची जुनी ओळख आहे. या खनिजाचे 'कोरंडम' हे जगभर रूढ झालेले नाव दक्षिण भारतीय भाषांतील शब्दावरूनच गेले. एडवर्ड अचेसन या अमेरिकी संशोधकाला १८९१ साली विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड हा कृत्रिम पदार्थ मिळाला. 'कार्बोरंडम' या व्यापारी नावाने तो घरोघर पोहोचला. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल या कंपनीने १९४१ साली घासचाकांचा कारखाना काढला, तर मद्रासेत १९५४ साली कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी उभी राहिली. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक बाजू भरड व दुसरी मध्यम असलेला करडा-काळा दगड बहुधा याच जातीचा असतो. तो सुरी, रंधा आणि पटाशी यांना ठीक. वस्तऱ्याची खांडे काढण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

वस्तऱ्याच्या अखेरच्या धारेसाठी जगात काही नैसर्गिक दगड प्रसिद्ध आहेत. बेल्जियमच्या आर्देन भागातील पिवळसर 'कोटिक्यूल', जर्मनीतील थुरिंजियाची पाटी, अमेरिकेतील आर्कान्सा दगड आणि जपानमध्ये क्योटोच्या आसपासच्या खाणींतील दगड ही त्यांतील ठळक नावे. यांच्या जोडीला आता कृत्रिम जपानी दगड सर्वत्र मिळतात. त्यांवरील आकडा जितका मोठा तितका कण बारीक. १००० क्रमांकाच्या दगडातील कण साधारण १२ ते १५ मायक्रॉनचा, तर ८००० क्रमांकाचा एक ते दोन मायक्रॉनचा असतो. १००० वर धारेची बैठक घालावी, ४००० च्या आसपास ओरखडे कमी करावे आणि ८००० किंवा त्यापुढे अखेरचा हात द्यावा, असा सर्वसाधारण क्रम आहे. त्यानंतर चामड्याचा पट्टा. पट्टा नवी धार काढीत नाही. असलेली धार तो नीट करतो.

फिरत्या शिकलगाराच्या सराणेवर वस्तरा देऊ नये. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, पोलादाचे पाणी उतरते आणि धार कायमची मऊ पडते. कोयत्याला जे मानवते, ते वस्तऱ्याला मानवत नाही.

सपाटी कशी तपासावी?

दगड डोळ्यांना सपाट दिसतो म्हणून तो सपाट असतो असे नाही. तपासणीच्या दोन सोप्या रीती आहेत.

पहिली रीत पट्टीची. पोलादी पट्टी दगडावर उभ्या कडेने ठेवून दगड डोळ्यांच्या पातळीवर धरावा व पलीकडून उजेड येऊ द्यावा. पट्टीखालून जेथे उजेड दिसेल तेथे खळगा आहे. ही तपासणी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर अशी चारही दिशांनी करावी. कर्णांवरची तपासणी टाळल्यास दगडाला आलेला पीळ लक्षात येत नाही. पट्टी वाकलेली नाही ना, याचीही खात्री आधी करून घ्यावी.

दुसरी रीत पेन्सिलीची. कोरड्या दगडावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढावी आणि एखाद्या खात्रीच्या सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या ओल्या वॉटर पेपरवर दगड दहा-बारा वेळा घासावा. उंच भागावरील रेघा पुसल्या जातात, खोल भागावरील टिकतात. कोठे किती काम आहे, याचा नकाशाच त्यामुळे समोर येतो.

मऊ कृत्रिम दगड दर वेळी वापरण्यापूर्वी तपासावेत. कठीण नैसर्गिक दगड कित्येक महिने सपाट राहतात. तथापि नवा दगडही दुकानातून सपाट येतोच असे नाही, म्हणून पहिली तपासणी पहिल्या वापरापूर्वीच व्हावी.

सपाट करण्याच्या पद्धती

घरगुती वापरासाठी सर्वांत सोयीची पद्धत काच आणि वॉटर पेपर यांची. आज खिडक्यांना वापरली जाणारी काच बहुतेक वेळा 'फ्लोट' पद्धतीची असते. इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केलेल्या या पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगत ठेवतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग घरगुती कामास पुरेसा सपाट येतो. काच ८ ते १० मिलिमीटर जाड घ्यावी. पातळ काच दाबाखाली वाकते. काचवाल्याकडून कडा घासून घ्याव्यात. ही काच ओल्या फडक्यावर, सपाट ओट्यावर ठेवावी म्हणजे ती सरकत नाही.

काचेवर पाणी शिंपडून वॉटर पेपर पसरावा. ओल्या काचेला तो चिकटून बसतो. भरड व मध्यम दगडासाठी १२० ते २२०, बारीक दगडासाठी ४०० आणि त्यापुढील पेपर योग्य. पेपरवरचा आकडा आणि जपानी दगडावरचा आकडा एकाच मापाचे नसतात, हे ध्यानात ठेवावे. दगडावर पेन्सिलीची जाळी काढून तो पेपरवर उपडा ठेवावा आणि भरपूर पाण्यानिशी गोलाकार किंवा इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे फिरवावा. जोर बेताचा असावा. आपला हात नकळत एका कडेवर अधिक भार देतो. म्हणून दर दहा-पंधरा फेऱ्यांनंतर दगड अर्धा फिरवून घ्यावा. एवढी काळजी न घेतल्यास दगड सपाट होण्याऐवजी एका बाजूला उतरता होतो. रेघा पूर्ण पुसल्या की पुन्हा जाळी काढावी. दुसऱ्यांदा साऱ्या रेघा थोड्याच फेऱ्यांत, एकाच वेळी पुसल्या गेल्या, तर दगड सपाट झाला असे समजावे.

दुसरी पद्धत कार्बोरंडमच्या सुट्या भुकटीची. काचेवर चिमूटभर भुकटी आणि थोडे पाणी घेऊन त्यावर दगड घासतात. फार झिजलेल्या, कठीण दगडासाठी ही पद्धत जलद आणि स्वस्त आहे. मात्र तिचे दोन तोटे आहेत. सुटे कण दगडाबरोबर काचेलाही झिजवितात, म्हणून काच मधूनमधून पालटावी आणि अखेर बदलावी. शिवाय भरड कण मऊ दगडात रुतून बसू शकतात व पुढे वस्तऱ्याच्या धारेवर ओरखडे काढतात. अखेरच्या बारीक दगडासाठी ही पद्धत वापरू नये.

तिसरी पद्धत हिऱ्याचे कण बसविलेल्या पोलादी पत्र्याची. हा पत्रा महाग, पण काम झटपट. नळाच्या धारेखाली दगडावर पत्रा फिरवला की दोन-तीन मिनिटांत सपाटी येते. पत्रा स्वतः सपाट आहे का, हे घेतानाच पट्टीने पाहावे. नव्या पत्र्यावरील उठून असलेले कण निखळण्याची शक्यता असल्याने तो आधी भरड दगडावर वापरावा.

कडप्प्याच्या ओट्यावर थेट दगड घासण्याचा मोह टाळावा. कडप्पा मऊ असल्याने ओट्याचाच पृष्ठभाग खराब होतो. समुद्रकिनाऱ्यावरील वाळू वापरण्याची कल्पनाही मोहक वाटली तरी उपयोगाची नाही. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यांवरील वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. चुरा मऊ, गारेचे कण कठीण, दोन्हींचे आकार निरनिराळे आणि त्यात मीठ. अशा वाळूने सपाटी येत नाही, आणि दगडात मुरलेले मीठ पुढे वस्तऱ्याला गंजवते.

तीन दगडांची युक्ती

सपाट काच किंवा पट्टी हाताशी नसेल तर? यंत्रयुगाच्या आरंभी कारागिरांपुढे हाच प्रश्न होता. सपाट पृष्ठभाग तपासण्यासाठी आधीच एक सपाट पृष्ठभाग हवा. मग पहिला सपाट पृष्ठभाग आणावा कोठून? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० साली ग्लासगो येथे वाचलेल्या निबंधात याचे उत्तर मांडले. ते तीन पृष्ठभागांवर आधारलेले आहे.

दोनच दगड एकमेकांवर घासले तर ते एकमेकांना तंतोतंत बसतात, परंतु सपाट होतीलच असे नाही. एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊनही ते एकमेकांना बसू शकतात. तिसरा दगड आला की ही पळवाट बंद होते. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर आणि तिसरा पहिल्यावर असे आळीपाळीने, दिशा बदलत घासत राहिले, तर तिन्ही परस्परांना बसतील अशी एकच स्थिती उरते, ती म्हणजे तिन्ही सपाट असणे. कारण पहिला फुगीर असेल तर दुसरा आणि तिसरा दोन्ही खोलगट होतील. आणि दोन खोलगट दगड एकमेकांना बसणार नाहीत. कोणत्याही मापनाच्या साधनाविना, केवळ पाणी आणि चिकाटी यांच्या बळावर सपाटी मिळविण्याची ही रीत घरीही करून पाहता येते. त्यासाठी साधारण एकाच आकाराचे व एकाच जातीचे तीन दगड घ्यावेत. भरड आणि बारीक दगड एकमेकांवर घासू नयेत, कारण भरड कण बारीक दगडात मिसळतात.

सपाटीनंतरची कामे

सपाट केल्यावर दगडाच्या कडा तीक्ष्ण होतात. वस्तऱ्याची धार अशा कडेवरून गेली तर तिला खांड पडू शकते किंवा कडेचा कपचा निघून धारेखाली येतो. म्हणून चारही कडा वॉटर पेपरवर तिरप्या धरून एक-दोन मिलिमीटर मारून घ्याव्यात.

त्यानंतर दगड वाहत्या पाण्याखाली, मऊ ब्रशने स्वच्छ धुवावा. बारीक दगडावर राहिलेला भरड कणाचा एकच दाणा तासाभराची मेहनत वाया घालवू शकतो. दगडांचा क्रम बदलताना वस्तरा, हात आणि पाणी हे तिन्ही धुऊन घेण्याची सवय याच कारणासाठी लावून घ्यावी. आर्कान्सा किंवा पाटीसारखे कठीण, बारीक दगड भरड पेपरने सपाट केल्यावर काही काळ अधिक खरखरीत वागतात. अशा दगडांना अखेरीस ६०० व १००० क्रमांकाच्या पेपरवर फिरवून गुळगुळीत करावे.

काही वेळा दगड सपाट असूनही काम देईनासा होतो. पृष्ठभाग चकचकीत, काळपट दिसतो आणि पाते नुसतेच घसरते. पोलादाचे सूक्ष्म कण दगडाच्या रंध्रांत बसल्याची ही खूण आहे. पाण्याच्या दगडावर बारीक पेपर किंवा छोटा दगड पाण्यानिशी हलकेच घासला की नवा थर उघडा होतो. तेलाचा दगड कोमट साबणाच्या पाण्याने घासून धुवावा. तेल आणि पाणी यांची निवड एकदाच करावी. ज्या दगडात तेल मुरले, तो पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही. तेल वापरावयाचे तर पातळ खनिज तेल उत्तम. खोबरेलही चालते, परंतु सुमारे २४ अंशांखाली ते थिजते. जवसाचे तेल मात्र हवेत वाळून चिवट थर धरते व रंध्रे बुजवते, म्हणून ते टाळावे.

एक इशारा आवश्यक आहे. सपाट करण्याचे काम नेहमी ओलेच करावे. वाळूचा दगड, पाटी यांसारख्या अनेक दगडांत सिलिका असते आणि तिची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक ठरते. घासताना निघालेला गाळ मोरीत ओतू नये. तो नळीत बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी काढावे आणि गाळ कचऱ्यात टाकावा.

पावसाळ्यातील निगा

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या काळातही हवा खारी व दमट असते. मुंबईकरांनाही याचा अनुभव नवा नाही. अशा हवेत दगड, पट्टा आणि वस्तरा या तिघांनाही वेगवेगळी निगा लागते.

पाण्याचे सच्छिद्र दगड वापरण्यापूर्वी बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावेत. परंतु सर्वच कृत्रिम दगड भिजवण्याचे नसतात. काही पाण्यात राहिल्याने मऊ पडतात किंवा तडकतात, म्हणून दगडाबरोबरची सूचना वाचावी. नैसर्गिक दगडांना वरून पाणी शिंपडणे पुरते. काम झाल्यावर दगड सावलीत, वाऱ्यावर, लाकडी पट्ट्यांवर आडवा वाळवावा. उन्हात ठेवलेला दगड बाहेरून लवकर व आतून उशिरा वाळतो आणि त्याला चीर जाते. ओला दगड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करू नये, त्यावर बुरशी धरते. थरांच्या नैसर्गिक दगडांच्या बाजूंना लाख किंवा वॉर्निशचा हात दिल्यास थर सुटण्याचा धोका कमी होतो. वापरावयाचा पृष्ठभाग अर्थात मोकळा ठेवावा.

वस्तरा पुसून, पूर्ण कोरडा करून, खनिज तेलाचे बोट फिरवून ठेवावा. तो चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. पट्टा टांगून ठेवावा आणि बुरशी दिसल्यास कोरड्या फडक्याने पुसावा.

पथरी बाजूला का पडली?

पथरीच्या पीछेहाटीची कारणे समजण्यासारखी आहेत. किंग कॅम्प जिलेट याच्या बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले आणि घरोघरी धार लावण्याची गरज हळूहळू संपली. केशकर्तनालयांत उघडा वस्तरा त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. भारतात १९८६ साली एचआयव्हीची पहिली नोंद झाली आणि पुढील काळात त्याबरोबरच ब व क प्रकारच्या काविळीविषयी जागृती वाढली. एकच वस्तरा अनेकांच्या गालांवरून फिरणे धोक्याचे आहे हे पटले आणि दर गिऱ्हाइकागणिक नवे अर्धे पाते बसविण्याची पद्धत रूढ झाली. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. उघडा, धार लावण्याचा वस्तरा आज वापरावयाचा तर तो एका माणसाने एकट्यापुरताच वापरावा. त्याचा पट्टा आणि दगडही दुसऱ्याच्या वस्तऱ्यासाठी देऊ नयेत.

मात्र पाते फेकून देता येऊ लागल्यावर दगड राखण्याचे कसब शिकविण्याचे कारण उरले नाही. पूर्वी हे ज्ञान पुस्तकात नव्हते. मुलगा वडिलांच्या हाताकडे पाहून ते शिके. दगडावरून पाते फिरताना आवाज कोठे बदलतो, हाताला ओढ कोठे लागते, यावरून त्याला खळगा कळे. असे ज्ञान एका पिढीने वापरले नाही तर पुढच्या पिढीला मिळत नाही. वस्तरे निदान शोभेची वस्तू म्हणून कपाटात राहिले. पथऱ्या मात्र साधे दगड समजून टाकून दिल्या गेल्या.

ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातील अशी पथरी असेल, त्यांनी ती टाकण्यापूर्वी एकदा नीट पाहावी. मधोमध खळगा, तेलाचा काळा थर आणि फुटके कोपरे एवढ्यावरून दगड निकामी ठरत नाही. प्रथम तो एक-दोन दिवस साबणाच्या पाण्यात ठेवून, ब्रशने घासून तेल काढावे. दगड पाटीसारखा थरांचा दिसत असेल तर भिजत न ठेवता नुसताच धुवावा. मग बोटाने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड आहे, बद्द आवाज आला तर आत चीर असण्याचा संभव आहे. अखंड दगड १२० च्या पेपरपासून आरंभ करून वर सांगितलेल्या रीतीने सपाट करावा. फार खोल खळगा असेल तर एका बैठकीत सारे काम उरकण्याचा हट्ट नको. तीन-चार दिवस थोडे थोडे घासावे. दगड किती बारीक आहे याचा अंदाज नसल्यास त्यावर आधी एखादी साधी सुरी घासून उमटणारे ओरखडे भिंगातून पाहावेत. ते बारीक व एकसारखे असतील तर पथरी वस्तऱ्यास योग्य. भरड असतील तर तीच पथरी पटाशी, रंध्याचे पाते किंवा स्वयंपाकघरातील सुरी यांच्या कामी येईल, आणि तेथेही सपाट दगडाची धार खळग्याच्या दगडाहून सरस असल्याचा प्रत्यय येईल.